माणशी सव्वा मूठ

शिरपूर तालुका, जि. धुळे
श्रावण, कानबाईनंतरचा मंगळवार

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा अंगणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला आम्ही सहा-सात बाया बसलो होतो. चष्मा घरात, हाताला गव्हाची धूळ. नातीने वाचून दाखवला आणि म्हणाली, "आजी, याला दोन ओळींत उत्तर देऊ नकोस हं." पोरीचं बरोबर होतं. काल कानबाई बोळवली, सुरतचे पाहुणे नरडाण्याहून गाडीत बसले, घर एकदम मोकळं झालं. आता कागद घेऊन बसले आहे.

तू लिहितोस की इंग्लंडच्या विद्यापीठाच्या अर्जात 'एथ्निसिटी' असा रकाना आहे आणि त्यापाशी तू अर्धा तास अडकून बसलास. जन्म सुरतेत उधन्याला, तिथे तुम्ही 'मराठी'. आठवी ते दहावी आजीजवळ राहून माझ्या वर्गात शिकलास तेव्हा पोरं तुला 'सुरती' म्हणायची. आता पुण्यात तुझं बोलणं ऐकून 'खान्देशी' म्हणतात. मग मी कोण, ही वांशिकता म्हणतात ती काय वस्तू आहे आणि ती बदलते का, असं तू एका दमात विचारलंस.

अर्जाचं आधी उरकते. 'इंडियन'च्या चौकोनात खूण कर आणि पुढे जा. आपल्या देशात कोण कोण येऊन राहिलं याची मोजदाद ठेवायला तिथल्या लोकांनी ते चौकोन केले आहेत. त्यांच्या जनगणनेतसुद्धा हा प्रश्न पहिल्यांदा १९९१ साली आला. त्या चौकोनात उधना मावणार नाही, आपलं गावही मावणार नाही. पण खूण खोटीही ठरणार नाही. तिकडे तू इंडियनच असशील, जसा सुरतेत मराठी असतोस. समोर कोण उभा आहे यावर माणसाचं नाव ठरतं. तुला तीन गावांत तीन नावं पडली म्हणून तू घाबरलास, पण त्यातलं एकही नाव चुकीचं नव्हतं.

आता शब्दाकडे ये. 'एथ्निसिटी'ला आपण 'वांशिकता' म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वंश म्हटलं की आपल्याला वंशावळ दिसते, वंशाचा दिवा दिसतो, भाटाची वही दिसते. म्हणजे रक्त. आणि रक्त बदलत नाही, तेव्हा वांशिकताही बदलत नाही, असा निकाल आपण तो शब्द उच्चारतानाच देऊन टाकतो. मला विचारशील तर या कल्पनेच्या जवळ जाणारा शब्द आपल्या तोंडी आधीपासून आहे: समाज. एसटीत शेजारी बसलेला माणूस गाव विचारतो, आडनाव विचारतो, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहतो आणि मग विचारतो, "तुमचा समाज कोणता?" तुमच्या देव्हाऱ्यात कोण बसतं, सोयरीक कुठे जुळते, घरात काय बोलतात, मयताला कोण धावून येतं, हे सगळं त्याला एका शब्दात हवं असतं. आपल्याकडे या शब्दात जात फार दाटून बसली आहे, म्हणून तोही तंतोतंत नाही. तरी तू अभ्यास करताना 'वंश' बाजूला ठेव आणि 'समाज' हाताशी ठेव. निम्मी वाट सोपी होईल.

माक्स वेबर हे जर्मन अभ्यासक १९२० साली वारले. त्यांनी वांशिक गटाची जी खूण सांगितली ती मला अजून पटते. आपण एका मुळाचे आहोत असा विश्वास धरून असलेली माणसं म्हणजे तो गट. मूळ खरंच एक आहे का, हा वेगळा प्रश्न. थाळनेरला तापीकाठी तुम्हाला सहलीला नेलं होतं, आठवतं? त्या कबरी फारुकी सुलतानांच्या. मलिक राजाने १३८२ साली खान्देशात सत्ता उभी केली आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत ती त्याच घराण्यात राहिली. हे घराणं आपलं मूळ थेट दुसरे खलिफा उमर फारुक यांच्याशी जोडत असे, नावच त्यावरून. ते रक्त कुणी तपासलं नाही. पण त्या दाव्यावर दोनशे वर्षं एक घराणं उभं राहिलं. सुलतानांचं कशाला, गावात फिरून ये. लेवा मंडळी गुजरातेतल्या लेवा पाटीदारांशी नातं सांगतात, सातपुड्यातले पावरा आदिवासी पावागडाचं नाव घेतात, कित्येक घरांत राजस्थानातून आल्याची गोष्ट आहे. 'आम्ही कुठून आलो' याची गोष्ट नाही असं घर मला खान्देशात भेटलं नाही. ती गोष्ट नातवंडांना सांगत राहणं, हे समाज टिकवण्याचं अर्धं काम आहे.

आणि गोष्ट सांगणं थांबलं की काय होतं, ते पाहायला अहिरांकडे जा. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा शिलालेख आहे, तिसऱ्या शतकातला. त्या आभीरांचं म्हणजे अहिरांचं नाव आपल्या अहिराणी बोलीला मिळालं असं मानतात. मग ते लोक गेले कुठे? 'आम्ही नुसते अहिर' असं म्हणणारं घर आपल्या पंचक्रोशीत मला माहीत नाही. शिंप्यांमध्ये अहिर शिंपी आहेत, सोनारांमध्ये अहिर सुवर्णकार आहेत. आणि अहिराणी मराठे बोलतात, माळी बोलतात, बौद्ध बोलतात, गावात राहणारे भिल्ल बोलतात. म्हणजे एका समाजाचं नाव धंद्यांच्या पोटजातींत उतरलं, सगळ्यांच्या जिभेवर उतरलं आणि माणसं भोवतालच्या समाजांत मिसळून गेली. हे कोणत्या साली झालं याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची नाही. पिढ्यान् पिढ्या एकेका घरात थोडं थोडं घडलं असणार. वांशिकता बदलते का, या तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर रोज आपल्या तोंडात आहे. आपण ज्यांचं नाव घेऊन बोलतो ते लोकच बदलून आपण झाले.

या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती तुला कधी सांगितली नव्हती.

१९९१ साली मी पहिल्यांदा जनगणनेची प्रगणक झाले. नोकरी नवी, उत्साह दांडगा. मातृभाषेचा प्रश्न मी घरोघर विचारलाच नाही. पोतडीतून काढावं तसं 'मराठी', 'मराठी', 'मराठी' लिहीत गेले. अहिराणी ही काही वेगळी सांगायची भाषा आहे, असं माझ्या मनातच नव्हतं. वर्गात पोरगं 'शे' म्हणालं की मी टोकत असे, "आहे म्हण." माझी आई मरेपर्यंत 'शे'च म्हणाली, आणि मी तिच्याशी घरात तसंच बोलत होते. शाळेचं दार ओलांडलं की जीभ बदलायची, एवढंच मला माहीत.

२००१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच काम आलं. या वेळी सूचना नीट वाचल्या: लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि माणूस सांगेल तशी लिहायची. तुझ्या आजीच्या गल्लीत एक म्हातारी ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी विचारलं, "मावशी, तुम्हनी मायबोली कोणती?" तिने घाटा सोलायचा थांबवला. "आते जी बोली राह्यनू तीच ना बेटा." आणि मग तिने विचारलं, "तिन्हं नाव कागदवर काय शे?" मी रकान्यात 'अहिराणी' लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. साठ-पासष्ट वर्षं ती जे बोलत होती त्याला कागदावर नाव असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. मला ते दहा वर्षं आधी कळायला हवं होतं. त्या रात्री मला १९९१ ची सगळी घरं आठवली, ज्यांच्या तोंडचा शब्द मी न विचारता पुसला होता.

आकडे पुढे हाती आले ते असे. अहिराणी ज्यात मोजतात त्या 'खान्देशी' शीर्षकाखाली देशभरात १९९१ साली ९ लाख ७४ हजारांच्या आसपास माणसं होती. २००१ साली २० लाख ७५ हजार. २०११ साली १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसं दुपटीने जन्मत नाहीत, आणि पुढच्या दहांत दोन लाख जीभ गिळून बसत नाहीत. घरं तीच होती. बदललं ते उत्तर, आणि उत्तर लिहिणारा हात. १९०७ साली ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा जो खंड निघाला त्यात खान्देशी भिल्ली भाषांबरोबर बसवली होती, मराठीच्या खंडात नव्हे. म्हणजे एकच बोली एकदा भिल्लीच्या घरात, एकदा मराठीच्या, एकदा स्वतःच्या. जळगावकडे गेलास तर आसोद्याच्या बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणायची की लेवा गणबोली, यावर दोन शहाणी माणसं तावातावाने बोलताना दिसतील. तो वाद क्षुल्लक समजू नकोस. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांचं नाव २०१८ साली आपल्या विद्यापीठाला मिळालं. एवढं मोठं नाव कुणाचं, हा 'आपलं' म्हणण्याचा प्रश्न आहे.

तू विचारशील, बोली गेली म्हणजे समाज गेला का? नाही. इथे नॉर्वेचे फ्रेड्रिक बार्थ कामाला येतात. १९६९ साली त्यांनी अभ्यासकांचं तोंडच फिरवलं. गटाच्या आत काय काय आहे याच्या याद्या करत बसू नका, म्हणाले. गटाची शीव कुठे आहे आणि ती कोण राखतं ते पाहा. पोशाख बदलतो, जेवण बदलतं, बोलीसुद्धा बदलते, तरी 'आम्ही' आणि 'ते' यांमधला बांध राहू शकतो. आणि बांध जागेवर असताना माणसं तो ओलांडूनही जातात. त्यांनी पठाण आणि बलुच यांचं उदाहरण दिलं. पठाणांत मान राखायचा तर जिरग्यात, म्हणजे टोळीच्या पंचायतीत, बरोबरीने बसता आलं पाहिजे. जमीन गेली, टोळी फुटली की ते जमेना. शेजारच्या बलुच सरदाराच्या आश्रयाला मात्र जागा असे. अशी कुटुंबं पिढी-दोन पिढ्यांत बलुच होऊन जात. पठाण आणि बलुच यांच्यातली शीव तशीच राहिली, माणसं अलीकडची पलीकडे गेली. शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला जड नाही. बांध तिथेच असतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं.

सातपुड्यात चढलास तर हे सगळं पायाखाली सापडेल. आपल्या बाजूला ज्यांना पावरा म्हणतात त्यांचे सोयरे डोंगराच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, बारेला म्हणवतात. बोली एकमेकींना लागून, लग्नं होतात, आणि नाव मात्र घाट ओलांडला की दुसरं. तडव्यांचं त्याहून विचार करण्यासारखं. रावेर, यावल, चोपड्याकडचे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत, आणि अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्याच नोंदीत बसतात. जमातीला आपल्या राज्यघटनेने धर्माची अट घातलेली नाही, म्हणून ते होऊ शकतं. पण तिकडे अक्कलकुव्याला, नर्मदेच्या अंगाला जा. तिथेही तडवी आहेत, ते मुसलमान नाहीत आणि यादीत त्यांची नोंद धानकांबरोबर आहे. नाव एक आणि समाज दोन. पावरा-बारेल्यांत समाज एक आणि नावं दोन. धर्म बदलला तरी जमात राहिली, जमात तीच तरी नाव बदललं. ज्याला वांशिकता म्हणजे एकच एक दगड वाटतो त्याने महिनाभर चोपडा ते धडगाव पायी फिरावं.

आता अंगणातल्या गव्हाकडे येते. खरं उत्तर मला तिथे मिळालं.

तुला आमच्या घरची रीत माहीत आहे. रोटाला घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, थोरली बाई नाव घेत जाते आणि पितळी पातेल्यात मूठ पडत जाते. गव्हाचं घरीच दळण, मग रोट, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. आणि रोट खायचा तो भाऊबंदकीनेच. लेक लग्न होऊन गेली की तिची मूठ बंद. सून आली की तिची मूठ सुरू. लहानपणी मला याचा राग यायचा. मी गेल्यावर माझी मूठ कोण बंद करणार म्हणून आईशी भांडले होते. पण आज त्या रीतीकडे पाहते तेव्हा वाटतं, रक्त बदलत नाही म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी माणूस एका कुळातून दुसऱ्या कुळात नेण्याचा विधी मात्र चोख करून ठेवला आहे. देव बदलतो, कुळ बदलतं, सुतक कुणाचं पाळायचं ते बदलतं, पुष्कळदा नावही बदलतं. भाटाच्या वहीत हे दिसत नाही, कारण तिथे बापामागे मुलगाच लिहिलेला असतो. वांशिकता बदलते का, हे तू कुठल्याही सासुरवाशिणीला विचार. ती तुला हेही सांगेल की माहेर गेलं असं कधी होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, झोक्यावर बसली की ती माहेरचीच असते.

पण हा बदल जातीच्या आत होतो, इतके दिवस तो तेवढाच होता. माझ्या पुतण्याने पाच वर्षांपूर्वी सुरतेत लग्न केलं. मुलगी ओडिशाची. तिचे वडील त्याच्याच कारखान्यात, शेजारच्या मागावर. पहिल्या श्रावणात दोघं कानबाईला आले. थोरल्या जाऊबाई नावं घेत होत्या, पुतण्याचं नाव आलं, मूठ पडली, आणि पुढे त्या थांबल्या. अंगणात वीस-बावीस माणसं. कुणी काही बोललं नाही. पोरगी उंबऱ्याशी पदर सावरून उभी, तिला बोलणं कळत नव्हतं पण थांबणं कळलं होतं. मी तिथेच होते, बाळा. तीस वर्षं वर्गात समता शिकवलेली मी गप्प राहिले. जाऊबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हाताने तिला जवळ बोलावलं, तिचीच ओंजळ गव्हात घातली आणि पातेल्यावर धरली. म्हणाल्या, "ही बी आम्हनीच शे." संपलं. दोन-चार जणांची तोंडं आंबट झाली, एका घराने त्या वर्षी रोट घेतला नाही. पुढल्या वर्षी घेतला.

तिची मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. आईशी ओडिया, शेजारणीशी गुजराती, टीव्हीपुढे हिंदी, आणि माझ्या जाऊबाईंच्या मांडीवर बसली की अहिराणी. परवा गव्हात हात घालून बसली होती. कुणीतरी तिला चिडवत विचारलं, "कोनी पोर शे वं तू?" तिने दोन्ही आज्यांची नावं घेतली.

तेव्हा वांशिकता बदलते का म्हणशील, तर बदलते, पण एकट्याच्या इच्छेने बदलत नाही. मी अमुक आहे, असं म्हणणारा एक लागतो आणि 'हो, तू आमचाच' म्हणणारे दुसरे लागतात. ती ओंजळ पुढे आली होती, पण पातेलं धरणारी नसती तर गहू जमिनीवर सांडला असता. उलटंही होतं. लोक तुला आपला म्हणत राहतात आणि तू आतून केव्हाच निघून गेलेला असतोस. तोही बदलच.

आणि तिसरा हात असतो सरकारचा. हा भाग कोरडा आहे, पण टाळू नकोस. माझ्या कपाटात शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर असायचं आणि त्याच्या उताऱ्यासाठी माणसं डोळ्यांत पाणी आणून उभी राहायची. जात पडताळणीला अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तिथे मूठ चालत नाही. माझ्या पुतण्याची बायको कानबाईच्या हिशेबात आमची झाली. दाखल्यावरची तिची जात लग्नाने बदलणार नाही. ते योग्यच आहे असं माझं मत आहे, कारण दाखला हा पिढ्यांच्या अन्यायाच्या भरपाईसाठी आहे आणि तो अन्याय लग्न करून अंगावर घेता येत नाही. पण सरकारची वहीसुद्धा निसर्गातून उगवलेली नाही. बंजारा समाज चाळीसगावच्या तांड्यात विमुक्त जातींत मोजला जातो, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती. तीच गोरमाटी बोली, तोच संत सेवालाल, तीन राज्यांत तीन रकाने.

जमातीच्या दाव्यांत 'अ‍ॅफिनिटी टेस्ट' म्हणून एक तपासणी असते. तुमचा देव कोणता, लग्नात काय करता, बोलीतले शब्द सांगा, असं विचारून माणूस खरा त्या जमातीचा आहे का ते पाहतात. २०११ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्थलांतराने, आधुनिक राहणीने आणि इतरांच्या सहवासाने समाज नवे गुण घेतात, तेव्हा एवढ्या एका चाचणीवर निकाल लावता येणार नाही. २०२३ साली पुन्हा तेच सांगितलं. शहरात वाढलेल्या पोराला डोंगरातलं गाणं येत नाही म्हणून तो परका ठरत नाही, हे न्यायालयाला पटलं. तुलाही पटायला हरकत नाही. तुला कानबाईची गाणी येत नाहीत म्हणून तू पुण्यात स्वतःला 'खोटा खान्देशी' म्हणालास. ते वाक्य वाचून मला वाईट वाटलं.

वह्या किती फिरतात हे परदेशातही पाहा. भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली 'तू गोरा नाहीस' म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्याच देशाच्या १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, आणि १९८० साली 'एशियन इंडियन' हा नवा रकाना काढला. कातडी कुणाचीही बदलली नव्हती. हे निभावलं. रवांडात निभावलं नाही. हुतू आणि तुत्सी एक भाषा बोलत, एका डोंगरावर राहत, गुरंढोरं वाढली की हुतूचं घर तुत्सींत जमा होऊ शकत असे. बेल्जियमच्या राज्यात १९३० नंतर प्रत्येकाच्या ओळखपत्रावर ते नाव छापलं गेलं आणि शीव ओलांडायची वाट बंद झाली. १९९४ साली रस्त्यारस्त्यांवर तीच कार्डं तपासून माणसं कापली, लाखोंनी. या विषयाला गंमत म्हणून हात घालू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

आता तू काय करावंस ते.

पुण्यात कुणी 'शे' ऐकून हसलं तर जीभ आवरू नकोस. मी आवरायला शिकवलं होतं, ते मागे घेते. प्रमाण मराठी उत्तम लिही, तुझं व्याकरण अजून कच्चं आहे, पण त्यासाठी दुसरी बोली टाकावी लागत नाही. सुरतेचंही लपवू नकोस. उधन्याच्या चाळीत तीन पिढ्या काढलेला खान्देशी माणूस हा नवाच समाज तयार होतो आहे. त्याची कानबाई तापीच्या खालच्या अंगाला बसते, त्याच्या शेवभाजीला गुजराती शेव लागते आणि त्याची पोरं गरब्यातही नाचतात. त्यांच्यावर नीट कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तुझ्या प्रबंधाला विषय हवा आहे असं म्हणत होतास ना? यादी करू नकोस की ते काय खातात, काय घालतात. शीव बघ. सोयरीक कुठून आणतात, मयत गावाला आणतात की तिथेच देतात, घर बांधायला पैसे कुठे लावतात, गावची मूठ अजून पडते का. आणि विचारल्याशिवाय रकाना भरू नकोस. माणूस जे नाव सांगेल ते त्याच्या शब्दांत लिही, तुला ते चुकीचं वाटलं तरी.

तुझ्या आजीपासून सुरुवात कर. तिला कानबाईची सतरा-अठरा गाणी येतात, त्यातली दोन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाहीत. तिचा आवाज आता बसत चालला आहे. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. तिचा मोबाईल पाण्यात पडला आहे, म्हणून संध्याकाळी सातनंतर माझ्या फोनवर लाव, मी जाऊन तिला देते. ती आधी "माले काई येत नही" म्हणेल. पाच मिनिटं दुसरं काही बोलत राहा.

अर्जाची तारीख शुक्रवार आहे असं लिहिलं आहेस. आजच भरून टाक.

तुझी,
बाई